आधी हसव, मग सांग

डोंगराच्या कुशीत एक जंगल होते, आणि तिथल्या प्राण्यांना आपल्या हसण्याचा फार अभिमान होता. कुठल्या जंगलात वाघाचा दरारा असतो, कुठल्या जंगलात मधाची पोळी असतात. आमच्याकडे हसू आहे, असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मुलांनो, हसण्यात वाईट काहीच नाही. मी स्वतः भरपूर हसतो. पण ही गोष्ट ज्या हसण्याची आहे, ते आठवले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ती मी लपवणार नाही, तुम्हीही तशी अपेक्षा करू नका.

त्या जंगलात एक रिवाज होता. संध्याकाळी सगळे प्राणी कोरड्या ओढ्याच्या वळणावर बैठकीला जमत. ज्याला काही सांगायचे असेल त्याने आधी सगळ्यांना हसवायचे, मग आपले म्हणणे मांडायचे. 'आधी हसव, मग सांग.' हा रिवाज काही कोणा वेड्याने घातलेला नव्हता. फार पूर्वी दोन गवे कुरणावरून भांडत बैठकीत आले, तेव्हा एका म्हाताऱ्या अस्वलाने त्यांना म्हटले होते, की आधी दोघांनी आपापली एक फजिती सांगा, मग खुशाल भांडा. दोघांनी आपल्या फजित्या सांगितल्या, दोघांना हसू आले आणि निम्मे भांडण तिथेच मिटले. अस्वल शहाणे होते. पुढे अस्वल गेले, गवे गेले, रिवाज मात्र राहिला. आणि चांगल्या रिवाजांचे बहुतेक वेळा होते तेच त्याचेही झाले. आपली फजिती सांगायची हे सगळे विसरले आणि दुसऱ्याची करायला शिकले. 'मग सांग' तर गळूनच पडले. ज्याला हसवता येई त्याच्याकडे सांगण्यासारखे काही नसे, आणि ज्याच्याकडे सांगण्यासारखे असे त्याला हसवता येत नसे. बैठक पोट धरून हसायची आणि घरी जायची.

बैठकीचा प्रमुख होता एक हुप्प्या, म्हणजे वानरांच्या टोळीचा पुढारी. सगळे त्याला आबा म्हणत. ओढ्याच्या वळणावर एक जुना अर्जुन वृक्ष होता आणि त्याच्या मुळांशी वाळूत एक खोलगट जागा होती. भर वैशाखातही ती जागा गार असे. ती आबांची मानाची जागा. तिथे दुसऱ्या कोणी बसायचे नाही, एवढेच नव्हे तर आबा फळे खायला गेले तरी दोन तरणी वानरे तिची राखण करीत. ती जागा गार का, हे आबांनी कधी कोणाला विचारले नाही. मान मिळाला की कारण विचारायची गरज संपते, असे पुष्कळांना वाटते.

आबांच्या उजव्या हाताला कोल्हा बसे. तो नकला करण्यात पटाईत होता. लंगडणाऱ्या सांबराची, तोतऱ्या पोपटाची, म्हाताऱ्या घोरपडीची, सगळ्यांची नक्कल त्याला येई. स्वतःची तेवढी येत नसे.

त्या वर्षी उन्हाळा कडक होता. जंगलाच्या टोकाला एकच तळे होते, ते आटत आटत चिखलाच्या थारोळ्यावर आले. त्या चिखलाच्या काठी एक रानडुकरीण आपली पिल्ले घेऊन राहत होती. सगळ्यांत धाकटे पिल्लू, तिचे शेंडेफळ, पहिल्यापासून अशक्त होते. ते आता दिवसभर आईच्या सावलीत पडून असे. डुकरीण चिखल नाकाने दाबायची, त्यातून ओल सुटली की आधी त्याला चाटायला द्यायची. तरीही संध्याकाळी ती बैठकीला जाई. तेवढीच करमणूक, असे ती म्हणे.

अशा दिवसांत खिंडीपलीकडून एक खवले मांजर आले. नावात मांजर असले तरी मांजराशी त्याचे काही नाते नाही. अंगभर कौलांसारखे खवले, पुढच्या पायांना लांब नख्या, तोंडात मात्र एकही दात नाही. घाबरले की ते पोटात डोके खुपसून गोळा होते, मग वाघाने पंजा मारला तरी उघडत नाही. ही मादी होती. आपण तिला खवली म्हणू. तिच्या शेपटीवर तिचे पिल्लू बसले होते, कारण ही पिल्ले आईच्या शेपटीवर बसूनच मुलुख पाहतात.

खवली खूप फिरली होती आणि फिरताना तिने एक चांगली सवय लावून घेतली होती. जिथे जाईल तिथे ती विचारायची. खडकाळ मुलखात एका अस्वलाला वाळू उकरताना पाहिले, तेव्हा ती तशीच पुढे गेली नाही, काय करतोस म्हणून विचारत तिथेच थांबली. त्याच्याकडून ती शिकली, की जिथे ओढा वळतो आणि काठचा अर्जुन भर उन्हाळ्यात हिरवा राहतो, तिथे वाळूखाली पाणी असते. तिथे खड्डा उकरला की त्यात पाणी झिरपते, त्यालाच झिरा म्हणतात. पण वाळू फसवी. एकट्याने उकरली तर बाजूने पुन्हा आत घसरते. म्हणून एकाने उकरायचे, बाकीच्यांनी वाळू लांब ओढायची आणि कडेला फांद्या रोवायच्या, असे ते काम आहे.

तिचे पिल्लू तहानेने मलूल झाले होते. पाण्यावाचून त्याला पुढच्या जंगलापर्यंत नेणे शक्य नव्हते. वळणावर पोहोचताच तिने हिरवागार अर्जुन पाहिला, त्याखालची ओलसर वाळू पाहिली आणि तिचा जीव भांड्यात पडला. त्या वाळूवर आबा बसले होते. समोर सगळे जंगल होते. आता मदतीला तोटा नाही, असे त्या भाबडीला वाटले.

ती पुढे आली आणि म्हणाली, की मी लांबून आले आहे आणि मला पाण्याबद्दल काही सांगायचे आहे. कोल्ह्याने तिला आधी हसवायचा रिवाज सांगितला. खवलीला रिवाज नवा होता, पण तिने नाही म्हटले नाही. एकदा वारूळ समजून आपण गव्याच्या शेणाचा वाळका ढीग उकरत बसलो होतो आणि जीभ बाहेर काढल्यावरच कसे कळले, ते तिने सांगितले. खरे तर ही गोष्ट त्या म्हाताऱ्या अस्वलाने पसंत केली असती. पण बैठकीने ती ऐकलीच नाही. दात नसल्यामुळे खवलीचे शब्द पुसट, ओले येत होते. कोल्ह्याने गाल आत ओढले आणि तस्सेच बोलून दाखवले. झाले. सगळे जंगल खिदळायला लागले.

खवलीने धीर सोडला नाही. तिने सरळच सांगितले, "आबा, तुमच्या जागेखाली पाणी आहे. तुम्ही तेवढे उठलात, तर आपण सगळे मिळून झिरा करू."

यावर जे हसू फुटले तसे त्या बैठकीत कधी फुटले नव्हते. कोल्हा म्हणाला, "पाहुणी कालची, आणि आबांना उठवायला निघाली!" आबांनी मांडीवर थाप मारली. सांबरे हसली, मोर हसले, घोरपड हसली. डुकरीणही हसली. खवली घाबरली आणि तिने तिला येते ते केले. शेपटीवरचे पिल्लू पोटाशी ओढून तिने घट्ट गोळा केला. मग तर विचारूच नका. तरण्या वानरांनी तो गोळा ढकलला, कोल्ह्याने परत ढकलला, आणि बैठक संपेपर्यंत त्यांचा तो खेळ चालला.

मुलांनो, त्या गोळ्याच्या आत एक तहानलेले पिल्लू होते. हे सगळ्यांना ठाऊक होते, कारण सगळ्यांनी ते शेपटीवर बसलेले पाहिले होते. यापुढे मी काय सांगू? ज्याला याचा राग येत नाही त्याने ही गोष्ट इथेच सोडून द्यावी.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे सावलीला पेंगत असताना, खवली पुन्हा वळणावर आली. राखणीच्या वानरांनी तिला मुळांशी फिरकू दिले नाही, म्हणून तिने थोडे बाजूला उकरून पाहिले. ती उकरे आणि वाळू घसरे. नख्यांतून रक्त आले तरी खड्डा होता तेवढाच राहिला. शेवटी ती एका जुन्या बिळात जाऊन पडली. सकाळचे दव ती पानांवरून चाटून आणी आणि ती जीभ पिल्लाच्या तोंडाला लावी. तेवढ्यावर ते जीव धरून होते.

इकडे तळ्यातला चिखलही भेगाळला. एका सकाळी डुकरीण उठली, आणि तिचे शेंडेफळ उठले नाही. तिने त्याला नाकाने ढोसले, चाटले, इतर पिल्लांना बाजूला करून पुन्हा ढोसले. मग ती त्याच्याजवळ बसून राहिली. बसल्या बसल्या तिला बैठक आठवली. ती पाहुणी काही तरी सांगत होती. काय सांगत होती? कोल्ह्याची नक्कल तिला जशीच्या तशी आठवत होती, गालाच्या खळगीसकट. पाहुणीचे शब्द मात्र आठवेनात. फार आठवल्यावर एकच शब्द सापडला, आणि तो होता पाणी.

ती उठली आणि वास घेत घेत बिळापाशी गेली. आत गोळा होता. तिने त्याला ढोसले नाही, हसली तर नाहीच. ती बिळाच्या तोंडाशी बसली आणि म्हणाली, "बाई, त्या दिवशी मी पण हसले. माझं पिल्लू आज गेलं. तू काय सांगत होतीस ते मला पहिल्यापासून सांग."

मग आतून पिल्लाचा बारीक आवाज आला, आणि खवली हळूहळू उघडली. तिने अर्जुनाचे सांगितले, वळणाचे सांगितले, घसरत्या वाळूचे सांगितले. डुकरिणीने मधे एकदाही तोंड उघडले नाही. ऐकून झाल्यावर तिने एवढेच विचारले, की हे सगळे आबांच्या जागेखाली आहे ना? खवली हो म्हणाली.

त्या संध्याकाळी बैठक भरली, पण घसे कोरडे होते आणि हसू नीट फुटत नव्हते. डुकरीण आपली उरलेली पिल्ले आणि खवलीला घेऊन थेट मधोमध आली. आबांनी सवयीने रिवाज सांगितला. त्यांना वाटले, हिला काही तरी गंमत सांगायची आहे.

डुकरीण म्हणाली, "आबा, हसून झालं असेल तर उठा."

कोल्ह्याने चटकन तिचा आवाज काढून तेच वाक्य म्हणून दाखवले. कोणी हसले नाही. त्याने ते पुन्हा म्हटले, जरा जास्त नाकात. तरी कोणी हसले नाही, कारण तळ्याकाठी काय झाले ते एव्हाना सगळ्यांना कळले होते. पण आबा उठले नाहीत. ही जागा आपल्या आजोबांपासूनची आहे, असे ते म्हणाले. जंगलावर पाण्यावाचून मरायची पाळी आली होती आणि हे गृहस्थ आजोबांची वाळू धरून बसले होते. तुमच्या ओळखीत असे कोणी असेल तर त्याला ही गोष्ट अवश्य सांगा.

डुकरिणीने आबांच्या शेपटीशी नाक खुपसले आणि उकरायला लागली. दुसऱ्या बाजूने खवलीने नख्या चालवल्या. आबांच्या खालची वाळू खचली आणि ते उताणे पडले, हातपाय वर. तेव्हा मात्र कोणीतरी फिस्सकन हसले. आबांनी मान वळवून पाहिले. आपल्यावर हसले की कसे वाटते, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कळले असावे. डुकरिणीने डोके वर करून त्या हसणाऱ्याला दटावले, की आता कोणी हसायचे नाही, आता वाळू ओढायची.

आणि मग सगळे जंगल वाळू ओढू लागले. सांबरांनी खुरांनी ढकलली, घोरपडीने शेपटीने सारली, वानरांनी फांद्या तोडून कडेला रोवल्या. खवली खड्ड्यात उतरून सांगत होती आणि तिचे पुसट शब्द आता सगळ्यांना नीट कळत होते. ते पहिल्यापासून कळण्यासारखेच होते. वाळू आधी गार लागली, मग ओली, मग खवलीच्या नख्यांभोवती गढूळ पाणी जमायला लागले. काही जण धावले. खवलीने त्यांना थांबवले. झिऱ्याला वेळ द्यावा लागतो, गढूळ खाली बसू दे, आणि पहिल्यांदा पिल्ले पितील, असे तिने बजावले. पाणी निवळले तेव्हा खवलीच्या पिल्लाने काठावरून आत पाहिले, तर आतून एक खवल्याखवल्यांचे तोंड त्याच्याकडे पाहत होते. पिल्लाने जीभ काढली, आतल्या तोंडानेही काढली. पिल्लू खुदकन हसले. त्या दोन गव्यांनंतर या सबंध गोष्टीत कोणालाही न दुखवता हसलेले हे पहिलेच हसू.

इथे गोष्ट संपली असती तर माझा राग थोडा उतरला असता. पण पोटात पाणी गेल्यावर कोल्ह्याच्या अंगात पुन्हा बळ आले. पुढच्या बैठकीत त्याने झिऱ्याची गोष्ट रंगवून सांगितली. तीत आबांनी मोठ्या मनाने आपली जागा जंगलाला देऊन टाकली होती, आणि पाण्याचा अंदाज त्याला स्वतःला केव्हापासून होता. खवली त्या गोष्टीत एका कोपऱ्यात होती, गोळा होऊन घरंगळणारी. प्राणी हसले. मोठ्याने नाही, पण हसले. ज्या तोंडांनी कालच तिच्या झिऱ्याचे पाणी प्यायले होते, त्याच तोंडांनी. आबांनीही कोल्ह्याचे म्हणणे खोडून काढले नाही.

खवलीने ते ऐकले. तिचे पिल्लू आता तरतरीत झाले होते आणि ती निघायच्या तयारीत होती. बैठक तिला निरोप द्यायलाच जमली होती. या वेळी ती घाबरली नाही, गोळाही झाली नाही. पिल्लाला शेपटीवर घेऊन ती आबांसमोर येऊन उभी राहिली.

"मी आता पुढच्या जंगलात जाईन," ती म्हणाली. "तिथे मला विचारतील, वाटेत काय पाहिलंस, काय शिकलीस. मी जे पाहते तेच सांगते. तर आबा, तुमच्याबद्दल मी काय सांगू?"

कोल्ह्याने तोंड उघडले, पण आबांनी हात वर करून त्याला थांबवले. त्यांनी एकदा झिऱ्याकडे पाहिले. मग त्यांनी, त्या जंगलातल्या कोणीही कित्येक वर्षांत केले नव्हते ते केले. त्यांनी स्वतःची फजिती सांगितली.

"सांग," ते म्हणाले, "एका जंगलात एक हुप्प्या होता. तो जन्मभर पाण्यावर बसून होता आणि पाणी कुठे आहे ते सांगायला आलेल्या पाहुणीला हसत होता."

ही त्या बैठकीतली सगळ्यांत मोठी फजिती होती. म्हातारे अस्वल म्हणाले होते, अगदी तशी सांगितलेली. पण तिच्यावर कोणी हसले नाही.

डुकरीण मागे आपल्या पिल्लांत बसली होती. ती म्हणाली, "आणि तो हसत होता तेव्हा मी पण हसत होते, आणि माझं एक पिल्लू गेलं. तेही सांग, बाई. ते गाळू नकोस."

खवलीने मान डोलावली आणि ती खिंडीकडे चालू लागली.

तात्पर्य : सांगायला आलेल्यावर आधी हसणारा, त्याचे काय ऐकायचे राहिले ते नंतर आपली पिल्ले मोजताना शिकतो, म्हणून हसायचेच असेल तर आधी स्वतःवर हसा, आणि लांबून आलेल्याला निदान बोलणे पुरे करू द्या.